स्टार्टरमधला खडू

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सणसरच्या आमच्या विहिरीवरची मोटर मी जाळली. पुढचे दोन दिवस मी सगळ्यांना ‘जळली, काय करणार’ असं सांगत फिरलो, पण जाळली मीच.

मी बारामतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे ही गोष्ट मला शोभणारी नव्हती. शेतावर वीज तीन तारांनी येते. पेटीवर तीन दिवे असतात. त्यातला एक विझला, म्हणजे एक फेज गेला, की मोटर वाचावी म्हणून स्टार्टर आपण होऊन बंद पडतो. मग आमच्या शिवारातला माणूस बांधावरची एक काडी मोडतो, हिरवं बटण आत दाबतो आणि काडी त्यात खुपसून ठेवतो. स्टार्टर बिचारा सुटू बघतो, काडी सुटू देत नाही. असं का करू नये यावर मी दरवर्षी बारावीला अर्धा तास बोलतो. ‘शिकलेला माणूस हे करणार नाही,’ हे वाक्य त्यात दोनदा येतं.

त्या दिवशी दोनच दिवे जळत होते, स्टार्टर पडला होता आणि आसपास काडी सापडत नव्हती. खिशात खडू होता. पहिला तुकडा मोडला. दुसरा चपखल बसला.

मोटर कण्हली. म्हटलं, जुनी आहे, कण्हणारच. तेवढ्यात एका सहकाऱ्याचा फोन आला. परवाच्या चाचणीचे पेपर तपासून तो हवालदिल झाला होता. मी लिंबाखाली बसलो आणि बोलायला लागलो. हा माझा आवडता विषय. घरी मी तोंड उघडलं की मुलगी म्हणते, “बातम्या लागल्या.” पूर्वीचं शिक्षण राहिलं नाही, पूर्वीचे हात राहिले नाहीत, पोरांना नव्वद टक्के पडतात आणि फ्यूज बांधता येत नाही, पगार वाढले आणि जगणं स्वस्तातलं झालं, असं मी साधारण पंचवीस मिनिटं विनाथांबा बोलू शकतो. ‘या देशातून कौशल्य गेलं हो,’ इथवर आलो होतो, तेव्हा जळका वास आला.

धावत जाऊन मी आधी खडू काढून खिशात टाकला. वीज त्यानंतर बंद केली. यावरून माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते कळेल.

कारण ते पाणी माझं नव्हतं, बायकोचं होतं. तिनं यंदा भावकीतल्या सगळ्यांशी वाद घालून एका एकरात उसाची कांडी न लावता ट्रेमधली रोपं लावली होती. अख्ख्या भावकीनं हे काय खूळ म्हणून हसून घेतलं होतं. त्यात मीही होतो, जरा कमी आवाजात. गुरुवारी लागण झाली. आंबवणी, म्हणजे लागणीनंतरचं दुसरं हलकं पाणी, रविवारी द्यायचं होतं. फेब्रुवारीचं ऊन, बोटभर मुळं. ती वाळली असती तर ते एक एकर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत निघालं असतं.

बायको आली. वास तिलाही आला.

“काय झालं वो?”

“व्होल्टेज. या देशात साधी वीजसुद्धा धड...”

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. खाली बसून एका रोपाचं पान दोन बोटांत धरलं. “मंगळवारपतुर पानी पायजे,” म्हणाली. “न्हायतर संपलं.”

जवळच्या मिस्त्रींकडं आठ-आठ दिवसांची रांग होती. बायकोचं माहेर कऱ्हाटीचं. तिथून फोनवर पत्ता मिळाला तो निमगाव केतकीचा. एक म्हातारे तात्या आहेत, चाळीस वर्षं मोटरी भरतात, त्यांच्याकडं न्या. मोटर भरायची म्हणजे तिच्यातली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. चौघांनी मोटर टेम्पोत चढवली. मी चौथा, म्हणजे ‘सावकाश, सावकाश’ म्हणणारा.

आम्ही दोघं निमगावला पोचलो, तर पत्र्याचं शेड होतं. दारात खुर्ची टाकून तात्या बसले होते. मी शिकवतो हे कळल्यावर त्यांनी दुसरी खुर्ची मागवली. “या सर, बसा. माझं आता हात थरथरत्यात. सूनबाई बघंल.”

सूनबाई तिशीच्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात पाना. माझा चेहरा पडला असणार, कारण बायकोनं मला कोपरानं ढोसलं. बाईंनी बोल्ट काढले, झाकण उतरवलं, आत एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, “एक फेज गेल्ता. स्टार्टर पडला आसंल. तरी कुनीतरी दाबून चालू ठिवली. धा मिन्टं तरी.”

 विहिरीपासून निमगाव तीसेक किलोमीटर, तरी बाईंनी डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगितलं.

“कशावरून?” बायकोनं विचारलं.

“ह्ये बघा ताई.” त्यांनी आतल्या कड्यावरून बोट फिरवलं. “ह्यो तारंचा गुंडा काळा, ह्यो काळा, आन ह्यो तिसरा कसा, नव्या नवरीगत. परत दोन काळं, एक पिवळं. हिला तीन जनांनी उचलायचं आस्तंय. एक जन सोडून गेला. दोघं वढत ऱ्हायलं आन वढून वढून जळलं. ज्यो सोडून गेला, त्याला काय बी झालं न्हाय.”

बावीस वर्षं मी हे फळ्यावर बाण आणि कोन काढून शिकवतो. एकाही पोराचा चेहरा त्या वेळी बायकोचा झाला तसा उजळलेला मला आठवत नाही. मी हळूच विचारलं, “तुम्ही कुठं शिकलात हे?” त्या म्हणाल्या, “हितंच. लगीन झाल्यावर. आदी तात्या शिकवत नव्हतं.”

“बाईच्या जातीला कशाला म्हनलं हुतं मी,” तात्या कबूल झाले. “मग माझं हात गेलं. पोरगा म्हनला मला कंपनीत जायाचंय. तवा हिनं फर्मा हातात घेतला.”

त्यांनी जळालेली तार कापून काढली. एका गुंड्याचे वेढे मोजले, तारेची जाडी मोजपट्टीच्या चिमट्यात धरून बघितली, सगळं तांबं तराजूवर टाकलं. सूत्र नाही, वही नाही. लाकडी फर्म्यावर नवी तार चढायला लागली.

आणि मी आणि तात्यांनी देशाचा विषय काढला.

मला इतका चांगला सोबती कधी मिळाला नव्हता. तात्या म्हणाले, पयली मोटर पंधरा वर्सं चालायची, आता दोन सालं. मी म्हणालो, तसंच पदवीचं. ते म्हणाले, तार बारीक झाली, लोखंड हलकं झालं. मी म्हणालो, पुस्तकंही. ते म्हणाले, पोरांना इस्क्रू पिळाय येत न्हाय. मी म्हणालो, तात्या, पिळायचा कुठल्या बाजूला तेही येत नाही. ते म्हणाले, कारागिरी संपली सर, माझ्यामागं कोन न्हाय. मी मान हलवली. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

मध्येच चहा घ्यायला मान वळवली आणि मागं काय चाललंय ते मला दिसलं.

सूनबाई खाचेत कागद बसवत होत्या, त्यात तारेचे वेढे एकेक करून सोडत होत्या, बांबूच्या पातळ पट्टीनं दाबत होत्या. त्या वेळी त्या माझ्या बायकोशी रोपांबद्दल बोलत होत्या, रस्त्यावरच्या कुणाला तरी ‘उद्या ये, आज न्हाय’ म्हणत होत्या आणि मोजत होत्या. तोंडानं नाही. हे मला कधी कळलं? फोन आला, त्यांनी खांद्यात धरला, बोलल्या, ठेवला आणि हात थांबले ते बरोबर शेवटच्या वेढ्यावर. मी मुद्दाम विचारलं, “किती झाले?” “बेचाळीस,” म्हणाल्या. म्हटलं, आकडा चुकला तर? त्यांनी खाचेत जायचा पुढचा गुंडा माझ्या मांडीवर ठेवला. “मोजा.”

मी मोजले. माझे एकदा एक्केचाळीस आले, एकदा त्रेचाळीस. तिसऱ्यांदा बायकोनं मोजले. बेचाळीस.

मग तो दोरा. सगळे गुंडे बसल्यावर वरच्या तारा सुती दोऱ्यानं बांधतात. ती बोटं इतकी भरभर आत-बाहेर चालली होती, आणि गाठीनंतर गाठ इतकी एकसारखी पडत होती, की आई पहाटे बहिणीची वेणी घालायची ते मला आठवलं. चहा गार झाला. ‘माझ्यामागं कोन न्हाय’ म्हणणारे तात्या तीन हातांच्या अंतरावर बसून तिच्याकडंच बघत होते, आणि एका गाठीला त्यांची मान आपोआप होय म्हणून हलली. मी अनेक प्रयोगशाळा बघितल्या आहेत. पण एखादी गोष्ट नेमकी असते म्हणजे काय, ते मला त्या पत्र्याखाली पन्नासाव्या वर्षी दिसलं. आणि त्याच दुपारी, त्याच्याकडं पाठ करून, ती कारागिरी जगातून नाहीशी झाली असं मी तासभर सांगत होतो.

“तुमचं समदंच काय खोटं न्हाय, सर,” दोरा दातानं तोडत त्या म्हणाल्या. म्हणजे त्या ऐकतही होत्या. “माझी पोरगी सातवीत हाय. तिला भागाकार येत न्हाय. मी इचारलं बाईंना, तर म्हनल्या वरच्या वर्गात करून घेतील. वरचा वर्ग म्हंजी शेवटी तुमीच की वो.”

 खिशात हात गेला, तिथं खडू होता. मी हात बाहेर काढला.

सोमवारी दिवसभर मोटर वार्निश लावून उन्हात वाळली. मंगळवारी मी रजा टाकली. मोटर बसवली, तिन्ही दिवे जळत होते, तरी बटण बायकोनंच दाबलं. मी तीन पावलं मागं उभा होतो, कुणी न सांगता. मोटर कण्हली नाही. पाईपात आधी हवा खाकरली, मग पाणी आलं, आणि बायको साडी खोचून पाण्याच्या पुढं पुढं सरीतून चालत गेली. दुपारनंतर रोपांनी माना उचलायला सुरुवात केली. सगळ्यांनी नाही, बांधाकडच्या दोन सऱ्या गेल्या त्या गेल्याच. बाकीची उभी राहिली. भावकीतले एक आबा येऊन बघून गेले आणि काहीच बोलले नाहीत. तिला तेवढं पुरलं.

सूर्य कलल्यावर आम्ही दोघं पेटीजवळच्या दगडावर भाकरी खायला बसलो. मी त्या बाईंच्या बोटांचं वर्णन करत होतो, बहुधा चौथ्यांदा. म्हणालो, “मी हे वर्गात सांगणार आहे. सगळं.”

“सगळं?”

“सगळं.”

तिनं पेटीचं झाकण उघडून दाखवलं. हिरव्या बटणाच्या कडेला पांढरी भुकटी तशीच होती. तिनं ती रविवारीच बघितली होती, वास आला त्याच वेळी.

“निमगावला का बोलली नाहीस?”

“तिथं तुमी आन तात्या देशाचं बोलत हुता. मधी कशाला बोलायचं?” तिनं झाकण लावलं, हात पदराला पुसले. “आता एक करा. रविवारी तिच्या पोरीला भागाकार शिकवाय जावा. आन खडू तिकडंच ठिवून या.”