शिळं पाणी

थोरलीचं एकच दुखणं होतं आणि त्यावर औषध नव्हतं. ते म्हणजे धाकटी जाऊ. धाकटी शिकलेली, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि स्वभावाने इतकी गोड की भांडायलाही जागा ठेवत नसे. वर पदरात एक बाहुलीसारखी मुलगी. थोरलीला मूलबाळ नव्हतं. सासूबाई ऊठसूट "आमची धाकटी म्हणते" असं सुरू करायच्या, आणि मग थोरलीच्या हातातली भांडी जरा जास्तच वाजायची.

थोरलीचं राज्य होतं शाळेत. ती तिथे शिपाई होती, आणि पाणी प्यायच्या नळांची रांग ही तिची खास जहागीर. पितळी नळ ती असे घासायची की वाकून पिणाऱ्या पोराला त्यात आपलं नाक दिसावं. मुलं तिला नळमावशी म्हणायची. घरात नाही तर नाही, इथे तरी आपला शब्द चालतो, एवढंच तिचं समाधान.

तर तिथेही धाकटी येऊन टपकली. शाळेचं पाणी तपासायचं काम प्रयोगशाळेने नेमकं तिलाच दिलं होतं.

"ताई, इमारत जुनी आहे," ती म्हणाली. "भिंतीतला पाइप शिशाचा असला, तर रात्रभर साचलेल्या पाण्यात शिसं उतरतं. ना रंग, ना वास, पण मुलांच्या मेंदूला अपाय होतो. म्हणून उद्या सकाळचं अगदी पहिलं पाणी हवंय. मी येईपर्यंत एकही नळ सोडू नका हं."

"माझ्या नळांना आजवर कुणी नाव ठेवलं नाही," थोरली म्हणाली.

"नळांना नाही हो ताई, पाइपाला."

थोरलीला दोन्ही सारखंच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हिला मी आपलं शिळं पाणी दाखवायचं? पाहुणा यायचा म्हटल्यावर कोणती बाई घर न झाडता बसते? दुसऱ्या दिवशी शाळा उघडल्या उघडल्या तिने सगळे नळ सोडले आणि पाणी थंडगार लागेपर्यंत वाहू दिलं. मग ते बंद करून, फडक्याने पुसून, साळसूदपणे दारात उभी राहिली. धाकटीने विचारलं, "नळ उघडले नाहीत ना?" थोरलीने नकारार्थी मान हलवली.

पाणी स्वच्छ ठरलं. मुख्याध्यापिकेने सगळ्यांसमोर थोरलीचं कौतुक केलं. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "थोरलीचे नळ म्हणजे काय!" थोरलीला त्या रात्री बायकोसारखी नाही, सुनेसारखी नाही, राणीसारखी झोप लागली.

पुढे चार दिवसांची सुट्टी लागली; ती संपून शाळा उघडली त्या सकाळी धाकटी मुलीला घेऊन लवकर आली. पोर याच शाळेत होती; आजवर धाकटी तिला घरची पाण्याची बाटली द्यायची, आणि थोरलीला तेही खुपायचं. आज बाटली नव्हती.

"आता कशाला ओझं?" धाकटी हसून म्हणाली. "तुमच्याच नळाचं पिऊ दे."

पोर धावत नळाकडे गेली. चार दिवस त्या नळांना कुणी हात लावला नव्हता. पोरीने ओंजळ धरली, धार सुरू झाली, आणि थोरलीला धाकटीने सांगितलेलं साचलेल्या पाण्यातलं शिसं आठवलं. तिने धावत जाऊन पोरीच्या हातावर फटका मारला. पाणी सांडलं. पोर भोकाड पसरून रडायला लागली.

"मोठी आई मारते!"

"ते पिऊ नकोस गं बाई," थोरली म्हणाली. धाकटीकडे तिला बघवेना. "मी त्या दिवशी नळ सोडले होते. तू यायच्या आधी. सगळे."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. तिने मुलीला उचललं, सगळ्या नळांना फडकी बांधून घेतली आणि मुख्याध्यापिकेला सांगून मुलांसाठी बाहेरून पाणी मागवलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा नमुने घेतले गेले. शिसं निघालं, आणि चांगलंच निघालं. भिंत फोडून नवा पाइप घालायचं ठरलं.

ते ठरलं त्या संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसले होते. थोरली मान खाली घालून वाढत होती. आता आपली धिंड निघणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

"पण मग पहिल्या वेळी कसं नाही कळलं?" सासूबाईंनी विचारलं.

"नमुना घेताना माझीच चूक झाली," धाकटी शांतपणे म्हणाली.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "बघा! चूक कबूल करायलाही मन मोठं लागतं. असं माणूस शोधून सापडायचं नाही."

थोरलीच्या हातातला डाव थांबला. वाचले, असं वाटायला हवं होतं. पण आतून नुसता जाळ उठला. शिक्षण हिचं, लेक हिची, कौतुक हिचं, आणि आता चूकसुद्धा हिचीच?

"काही हिची नाही!" थोरली ओरडली. "ती चूक माझी आहे!"