सरांच्या नावानं बसलेली

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. वायर सुटली की मशीन बंद पडते, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय... हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

जानेफळजवळच्या एका शाळेत मी कम्प्युटर लॅब सांभाळतो. ऑफिसात एक सर्व्हर, त्यात सगळ्या पोरांची नावं. कुठल्याही मशीनवर बसा, नाव-पासवर्ड टाका, आपलंच काम समोर येतं. पोरं पासवर्ड विसरायची, मी डाफरायचो. पण गणिताचे इंगळे सर मोठे मऊ! "माह्या नावानं बस बाई," एखाद्या पोरीला म्हणायचे, "फक्त जाताना लॉग-ऑफ कर. नाहीतर माह्यातच अडकून राहशीन!" आणि स्वतःच हसायचे.

एका शनिवारी माझी भाची प्राजू अशीच त्यांच्या नावानं बसली. एसटी चुकेल म्हणून मशीन तसंच सोडून पळाली. त्याच संध्याकाळी सर गेले — हार्ट अटॅक.

तेरवी झाल्यावर मी त्यांचं नाव सर्व्हरमधून काढलं.

दुसऱ्या दिवशी प्राजू धावत आली. "मामा, म्या माह्यं नाव टाकलं, अन् सरांचं आलं!"

"काहीतरी बोलू नको वं!"

जाऊन पाहिलं. खरंच सरांचं नाव... खाली त्यांची अर्धवट गणितं. मी चिडून सगळा सर्व्हर पुसला, एकेक नाव नव्यानं भरलं. बाकी पोरांचं ठीक. प्राजूचं तेच.

"लॉग-ऑफ कर ना मग!"

"किती डाव केलं मामा! जातच नाही ते." पोरगी रडायला लागली. मग तिनं लॅबमध्ये येणंच सोडलं.

बारावीनंतर ती बुलढाण्याला कॉलेजात गेली. तिथला सर्व्हर वेगळा, सरांचं नाव तिथं कोणी भरलेलं नाही. सुटलो बुवा, म्हटलं.

काल संध्याकाळी तिचा तिथल्या लॅबमधून फोन आला. परीक्षा तोंडावर, पेपर कम्प्युटरवरच.

"मामा, माह्यं नावच घेत नाही. असं कोणी नाहीच म्हणते."

"मग बसली कशी?"

"सरांच्या नावानं. पासवर्ड टाकाच लागला नाही."

मी ओरडलोच. "प्राजू, ऊठ तिथून! पेपर गेला खड्ड्यात, वर्ष गेलं तर जाऊ दे!"

ती हळूच म्हणाली, "कव्हाची उठून पाहून राह्यली मामा... मले उठताच येत नाही."

फोन कटला. तेव्हापासून लागत नाही. हे का होतंय, मला विचारू नका, मला माहीत नाही. मी घाबरलोय. बुलढाण्याची पहिली गाडी लागली की निघतो.