कंपनीच्या आवारातला गाळ

चिकलठाण्याची ती कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी दुपार चढली की मनकर्णाबाईचे कान भोंग्याकडे लागायचे. कंपनी चालू होती तेव्हा भोंगा झाला की आवाराच्या कोपऱ्यात, मागच्या भिंतीजवळच्या तिच्या पत्र्याच्या कँटीनवर झुंबड उडायची. कुणी बेसन-भाकर मागे, कुणी नुसता ठेचा. स्कूटरच्या दांड्यांना चकाकी चढवणारी ती माणसं. तिचा नवरा सांडू त्यांच्यातलाच, रसायनाच्या हौदावर कामाला. "तुझ्या भाकरीलाबी चकाकी मारून देऊ का? तोंड तरी दिसंल त्यात!" असं चारचौघांत चिडवायचा.

अजिंठ्याकडच्या खेड्यातून बहात्तरच्या दुष्काळात ती आईबापांसोबत शहरात आली. पुढं त्या कोपऱ्यानंच तिला पोटाला दिलं, पोराला, धम्मपालला, शिकवलं. मग सांडू गेला, आणि मागोमाग कंपनीही गेली. आवारात बाभळी माजल्या.

पुन्हा एकदा पावसानं दगा दिला, नळाला आठवड्यानं पाणी यायला लागलं, त्या उन्हाळ्यात बातमी आली. जुन्या आवारात लहान-लहान कारखाने उभे राहणार होते. पण आधी जमिनीची तपासणी होणार, आणि माती खराब निघाली तर काम अडणार.

मनकर्णाबाईच्या जिवाला घोर लागला. कारखाने आले तर माणसं येणार, आणि तिच्या कोपऱ्यातला स्टोव्ह पुन्हा पेटणार. माहेरचा तलाव आटला होता, लोक त्यातला गाळ वाहून शेतात टाकत होते. हलकं रान गाळानं सुधारतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. तिनं धम्मपालला तो गाळ आणायला ट्रॅक्टर करायला लावला. ओळखीच्या वॉचमननं कुलूप काढून दिलं, वस्तीतल्या बायकांनी मागच्या आवारात गाळ पसरला, पाटी उपडी करून सपाटही केला.

"आता करा म्हणावं तपासणी," ती म्हणाली. "माती कशी लोण्यावाणी झालीय!"

तपासणीला आलेली इंजिनिअर चारुता त्या काळ्याभोर आवाराकडे बघतच राहिली. "मावशी, इथं कुणी शेती केली का?"

"आम्हीच गाळ टाकला, बाई. आजारी जमीन. म्हटलं, जरा खाऊ-पिऊ घालावं तिला."

चारुता हसली आणि तिनं कपाळाला हात लावला. "अहो, आता हा सगळा खरवडून काढावा लागणार! आजार खाली आहे, वर नाही."

भोक पाडायच्या यंत्राची नळी खोल गेली आणि मातीचा दांडका घेऊन वर आली. वर गाळ, खाली मुरूम, आणि मुरमाखाली पिवळी झाक. मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला.

"धम्मपालच्या बापाच्या बनियनीवर ह्योच डाग असायचा. लई घासला तरी नाय निघायचा."

"हौदातलं पाणी कुठून वाहायचं, आठवतं का?" चारुतानं विचारलं.

धम्मपालनं आईकडे डोळे वटारले. "माय, तुला कुठलं आठवतंय इतकं जुनं!"

मनकर्णाबाईनं भिंतीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं माणसं मांडी घालून जेवायची, खाली सांडलेलं भाताचं शीतही उचलून खायची. सांडू शेवटी किती खोकायचा, ते तिला आठवलं.

"आठवतंय की," ती म्हणाली. "नाली तिथून जायची, माझ्या कँटीनच्या बुडाखालून. तिथंबी पाडा भोक. आता येतील ती पण कुणाची तरी लेकरं हायेत."

कोपऱ्यातही पिवळीच माती निघाली. मागच्या अर्ध्या आवारातली माती खणून न्यायची, तिथं काहीच बांधायचं नाही, असं ठरलं. पुढची जमीन निर्दोष होती, तिथल्या कामाला मंजुरी मिळाली.

घरी येताना धम्मपाल धुसफुसत होता. "आपल्या हातानं आपली जागा घालवली तू."

"जागा कंपनीची व्हती. गिऱ्हाईक माझं हाय."

पुढच्या बाजूला पाया खणायला घेतला, त्या दिवशी मनकर्णाबाईनं गेटबाहेर लिंबाखाली चूल मांडली. गवंडी परभणीकडचे. बेसनात तिखट कमी पडलं म्हणून त्यांनी पहिल्याच जेवणाला कुरकुर केली. कितीतरी वर्षांनी कुणी तिच्या हातच्या जेवणाला नावं ठेवत होतं. तिनं सगळ्यांना आणखी एकेक भाकरी वाढली.