किन्हीराजाच्या आमराईतलं मौन

अख्ख्या मेडशी गावात माह्याइतका गप बसनारा मानूस तुमाले सापडनार नाई. फक्त तवा मी झोपेत असलो पाह्यजे. अन् माही बायको कौतिका म्हने का झोपेतही माही टकळी चालूच राह्यते.

माह्यापाशी शाळा नाई, वावर नाई. होतं ते तोंड. लग्न असो, बारसं असो, लोक मले बोलावत. मयतीतही बोलावत, का बा हा आला म्हंजे घरच्याइले जरा बरं वाटते.

दुस्काळ सरून दोन वर्सं झाले होते. त्या आखाडात कौतिका खाटंले खिळली. पोटात गाठ होती. अकोल्याच्या डाक्तरनं तिले तपासलं, मान हालवली अन् घरी पाठवलं. मंग मी रोज तिच्या खाटंपाशी बसून तिले हासवू लागलो. कोंबड्याची नक्कल, पाटलाची नक्कल, त्या डाक्तरची मान हालवाची नक्कल. एक दिवस ती म्हने, "आवो, दहा मिंटं नुस्ते गप बसा माह्यापाशी."

म्या म्हनलं, बसतो, पन एवढी एक गोष्ट आयकून घे. अन् सुरू केली! एका मानसाची, ज्याचा बैल त्याच्याहून शाना होता. अर्ध्यावर आलो तवा ध्यानात आलं का ती आयकून नाई राह्यली.

ती गोष्ट म्या मंग कोनाले पुरी सांगतली नाई. (पुढची आठवतही नाई, हेही खरं.)

जवारी खळ्यात आली अन् खबर आली का किन्हीराजा गावाच्या आमराईत ध्यानाचं शिबिर हाये. ब्रह्मदेशात शिकून आलेले एक भंते घेनार होते. दहा दिवस राह्याचं, डोळे मिटून श्वास पाह्याचा, अन् तोंडातून एक शब्द काढाचा नाई. म्या नाव दिलं तं पानठेल्यावर हासून हासून लोकाइचं पोट दुखलं. म्हने, हा गेला तं दुसऱ्या दिवशी भंतेच पळून जातीन.

खरं कारन म्या फक्त आत्याले सांगतलं. आत्या म्हंजे माह्या बापाची बहीन, अन् कौतिकाची माय. तिले म्हनलं, आत्या, कौतिकाचे दहा मिंटं माह्याकडं राह्यले हायेत, मी तिले दहा दिवस देतो. आत्या उठली. पिशवीत ताट-लोटा टाकला अन् माह्यासंग एसटीत येऊन बसली.

पयले चार दिवस म्या काढले. कसे काढले ते माह्या दुपट्ट्याले इचारा, त्याचा कोपरा चावून चावून चोथा झाला होता. बाजूच्या मानसाचं पोट असं गुरगुरे का खटारा जीप घाट चढून राह्यली! अन् मले त्यावर एक शब्द बोलता येत नोयता. चौथ्या दिवशी श्वास पाह्यता पाह्यता कौतिकाचा श्वास आठवला. तोही असाच येत होता, जात होता. तवा मी कोंबडा आरवून दाखवत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी चालाचं ध्यान होतं. नजर जमिनीवर. पाय हळू उचलाचा, हळू पुढं न्याचा, हळू टेकवाचा. एका आंब्यापासून दुसऱ्या आंब्यापर्यंत जाले अर्धा घंटा. असे आमी चाळीस लोक, माना खाली घालून. तिकडून किन्हीराजाचा एक म्हातारा शेळ्या घेऊन आला अन् उभाच राह्यला. त्यानं इचारलं, काय पडलं गा तुमचं? कोनी बोलंना. त्याले वाटलं, सोनं असन, कोन परक्याले सांगते. पन मानूस भला. शेळ्या सोडल्या वाऱ्यावर अन् स्वताही वाकून आमच्या रांगेत शोधाले लागला.

थोड्या वेळानं तो आला माह्यापाशी. (चाळीसातून निवडून माह्याच पाशी!)

"आता तं सांग बाबा, कायले शोधून राह्यला? दिसलं तं आनून देईन."

अन् माह्या तोंडातून निघालं, "बायकोले."

तो इनोद होता का खरं होतं, ते मले अजूनही उमजलं नाई. पन पाच दिवसाचं दाबलेलं हासू एकदम फुटलं. आमराई हालली. मेडशीहून आलेले, ज्याइले ठाऊक होतं का कौतिका गेली, तेही हासले. मी बोललो का हासाचं, ही त्याइची जुनी सवय. हासले नाई दोघंच. एक आत्या, अन् एक तो म्हातारा.

त्यानं इचारलं, कवा गेली? आता मले मौन आठवलं. म्या पाच बोटं दाखवले. पाच मयने. तो समजला, पहाटचे पाच. तसाच गावाकडं पळाला.

घंटाभरात पंधरा-वीस गडी आले. काठ्या, दोर, अन् इहिरीतल्या बादल्या काढाचा लोखंडी गळ. आमी चाळीस लोक पुन्हा मौनात, हातानंच नाई-नाई करून राह्यलो. एका बाईनं समजवाले वर आभाळाकडं बोट केलं, म्हंजे ती वर गेली. तं दोन गडी सरसर आंब्यावर चढले! बाकीच्याइनं गळ आमराईतल्या इहिरीत सोडला. दोन जुन्या बादल्या निघाल्या, एक चप्पल निघाली, अन् प्याचं सारं पानी गढूळ झालं.

शेवटी झाडाखाली ध्यानात बसलेल्या भंतेनंच डोळे उघडले. माह्यापाशी येऊन हळूच म्हनले, बोल बाबा, काय असन ते बोल.

म्या सांगतलं का माही बायको आखाडात मेली.

आंब्यावरचे खाली उतरले. गळवाल्यानं दोर गुंडाळला. म्हातारा इहिरीच्या काठावर बसला, डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. म्हने, "मंग शोधत कायले होता बाबा?"

सारे मुके उभे, अन् असं मुकं मले सोसत नाई. म्हनून म्या आत्याकडं पाहून दात काढले.

"आत्या, पुरे नाई तं नाई, अर्धे तं दिले न म्या तिले? पाच दिवस."

आत्या पाच दिवसात बोलली नोयती. मले वाटते, आखाडापासूनच बोलली नोयती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तिनं दहा दिवस मांगतलेच नोयते," आत्या म्हने. "दहा मिंटं मांगतले होते. अन् तेही, ती जित्ती होती तवा."