वीतभर रुंद

दवाखान्याची चार एकर हिरवळ माळीकाकांनी सव्वीस वर्षं मशीन ढकलत कापली. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता बसून चालवायचं मशीन आणा. तुम्हीच निवडा."

दुकानदाराने विचारलं, "हिरवळीत शिरायचं फाटक केवढं आहे?"

काका फणकारले, "रोज मीच उघडतो ते. मला नका शिकवू!" आणि सगळ्यात मोठं मशीन पसंत करून आले.

ते फाटकाहून वीतभर रुंद निघालं. सगळा दवाखाना व्हरांड्यात जमून बघत होता. काकांना मान वर करवेना. बाई रागावल्यासुद्धा नाहीत. "भिंत थोडी फोडू या," एवढंच म्हणाल्या.

गवंडी यायच्या आत काका त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर बसले आणि फाटकालगतच्या त्या भिंतीवर चढलेली, स्वतः लावलेली जाई मुळासकट उपटू लागले.