यापुढे मेल नकोत

चार-पाच शब्दांत माणसाला घाबरवून त्याला प्रेशर कुकर विकू शकणारा माणूस अख्ख्या अंधेरीत एकच आहे, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. दुकानांच्या जाहिरातींचे मेल पाठवणारं आमचं छोटंसं ऑफिस. मेल उघडण्याआधी फोनवर जी एक ओळ दिसते ती सब्जेक्ट लाइन लिहायची, एवढंच या गृहस्थांचं काम. त्यासाठी ते अर्धा दिवस डोळे मिटून इतके निश्चल बसतात की नवीन माणूस घाबरून त्यांची नाडी बघायला जातो. 'डिस्काउंट' हा शब्द तोंडून गेला तर चूळ भरून येतात. उद्गारचिन्ह दिसलं की बीपीची गोळी शोधतात.

"अगं, दार वाजलं की माणूस काय म्हणतो? कोण आहे? बस, तेवढंच त्याच्या तोंडून काढायचं," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. ओळ जमली की नाही हे बघायची त्यांची रीत भयंकर आहे. चपला काढून ते मागे येऊन उभे राहतात आणि ओळ कानाशी हळूच म्हणतात. मी दचकून चहा सांडला तर ओळ पास. माझे चांगले चांगले ड्रेस त्यात वाया गेलेत.

पण गंमत फक्त दचकण्याची नव्हती. कुकरवाल्यांसाठी त्यांनी लिहिलं, 'गॅस बंद केला होता ना?' मुलुंडच्या एका बाईंचा थेट ऑफिसात फोन. "तुम्हाला सांगितलं कोणी? मी अर्ध्या वाटेतून रिक्षा परत फिरवली ना, खरंच चालू होता!" पडद्यांच्या दुकानासाठी लिहिलं, 'खिडकीत कोण उभं आहे?' घाटकोपरच्या एका आजोबांनी उत्तर धाडलं: 'बघितलं. उभा आहे. पुढे काय करू?' आम्ही हसून हसून बेजार. हे हसले नाहीत. "पडदा ओढून घ्या म्हणून कळव त्यांना," म्हणाले आणि पुढच्या ओळीला लागले.

त्या पडद्यांच्या दुकानाच्या यादीत पहिला पत्ता वहिनींचा होता. वहिनी म्हणजे यांच्या पत्नी. मेल गेला की पाच मिनिटांत त्यांचा नाहूरहून फोन यायचा आणि ओळीची चिरफाड व्हायची. वहिनी गेल्या त्याला दोन वर्षं झाली. पत्ता यांनी तसाच ठेवला.

वर्षभर मेल न उघडणारे पत्ते यादीतून काढणं हे माझं काम. त्यांना आम्ही 'झोपलेले' म्हणतो. असे फार साठले की जाग्या लोकांचेही मेल कचऱ्यात जायला लागतात. वहिनींच्या पत्त्याकडे मी दोनदा काणाडोळा केला. तिसऱ्यांदा ऑफिसच्या साहेबांनीच यादी बघितली आणि तो पत्ता काढायला सांगितलं.

"एक मेल जाऊ दे गं," हे मला म्हणाले. "नाही उघडला तर काढ. मी काही बोलणार नाही." इतका ओशाळलेला आवाज यांचा मी कधी ऐकला नव्हता, आणि मला साहेबांचा मनापासून राग आला.

ओळीसाठी तीन दिवस यांनी घेतले. चौथ्या दिवशी कानाशी आले नाहीत, नुसता कागद पुढे सरकवला. 'पडदे मी धुतले. बघून जा.' सकाळी अकराला ती ओळ दुकानाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना गेली. लोक धडाधड उघडत होते. आम्ही दोघं एकाच पत्त्याकडे बघत बसलो. जेवायच्या सुट्टीला त्याच्यापुढे खूण उमटली. उघडला.

"वहिनींचा फोन कोणाकडे असतो?" मी विचारलं.

"कपाटात आहे. बंद."

"कधीकधी मेल तपासणारं मशीनच उघडतं हो," मी म्हणाले.

तेवढ्यात दुसरी खूण आली. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत 'यापुढे मेल नकोत' असं बटण असतं, ते दाबलं गेलं होतं. त्याखाली कारणाचा रकाना असतो, तो सहसा कुणी भरत नाही. इथे भरला होता: 'पुरे आता. जेवून घ्या.'

त्यांनी दोनदा वाचलं. मग लहान मुलासारखे हसले. "हीच. हिला माझं ऐकून घ्यायला कधी सवड नव्हती." स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "काढ गं नाव. नको म्हटल्यावर पाठवायचं नसतं."

मी नाव काढलं. रडू मला आलं. पाणी त्यांनीच आणून दिलं, आणि मग डबा उघडून निवांत जेवायला बसले.