साहेब कडेला

त्याचं खरं आडनाव पक्षातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. सगळे त्याला पडदे म्हणत. साहेबांच्या एकूण एक निवडणुका त्याने पडद्याआडून लढवल्या होत्या आणि तो एकाही फोटोत सापडायचा नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचा, "माझं तोंड बघून मतं मिळत असती तर मीच नसतो का उभा राहिलो?"

सभा भरवणं, रुसलेल्यांना मनवणं, विरोधकाच्या घरात काडी टाकणं ही कामं काय, कुणीही करतो. पडदेची खरी करामत फोटोत होती. ज्याचं लफडं पुढेमागे बाहेर येईल, अशा माणसाबरोबर साहेब कधी मधोमध उभे राहायचे नाहीत. ओळीच्या कडेला, आणि शेजाऱ्यापासून हातभर लांब. म्हणजे उद्या गरज पडली की साहेबांना फोटोतून अलगद कापून काढता यावं, अर्धवट खांदा मागे राहू नये. फोटोवाल्याला हे त्यानेच शिकवलं होतं. पडदे नुसता कान खाजवायचा. लगेच फोटोवाला गोड आवाजात म्हणायचा, "साहेब, तिकडे उजेड चांगला आहे. जरा कडेला."

ज्याचा बळी द्यायचा त्याचा आधी जाहीर सत्कार करायचा, हाही त्याचाच शोध. सत्कार झालेला माणूस हुरळतो, गाफील राहतो, तोंड उघडत नाही. आणि वर्तमानपत्रांना द्यायला त्याचा हसरा फोटो तयार असतो.

पूल पडला तेव्हा इंजिनिअरचा असाच सत्कार झाला होता. त्याची बायको नटूनथटून शेजारी उभी होती. आठवड्याभरात इंजिनिअर आत गेला आणि फोटो पहिल्या पानावर आला, अर्थात साहेबांशिवाय. पुढे एकदा ती पडदेला बाजारात दिसली. दुकानदार तिच्याकडे बघायलाच तयार नव्हता, आणि रांगेतली एक बाई तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हीच ती. माणसं मेली आणि ही हसत होती." पडदे काही न घेताच घरी परतला. दोन-चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. मग निवडणूक लागली आणि तो कामाला लागला.

आता सरकारी इस्पितळाचं छत कोसळलं होतं. खाली रुग्ण होते. ठेका कुणाला द्यायचा, हा साहेबांचा निरोप पडदेनेच पोचवला होता, तोही तोंडी. चौकशीचा अहवाल येऊ घातला होता. "साहेब मला वाऱ्यावर सोडायचे नाहीत," असं तो बायकोला सांगत होता. तिने विचारलं नव्हतं तरी सांगत होता.

आणि साहेबांचा फोन आला. "तुझा सत्कार ठेवलाय. वहिनींनाही घेऊन ये."

पडदेला इंजिनिअरचा सत्कार आठवला. पण दुसऱ्याचं कपट बरोबर ओळखणारा माणूस स्वतःच्या बाबतीत फार भोळा असतो. आपली गोष्ट वेगळी, आपण घरातले, असं त्याने मनाला समजावलं. बायकोला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. "इतकी वर्षं शेजारणी विचारतात, तुमचे हे नक्की करतात तरी काय? आता दाखवीनच एकेकीला!" ती आरशासमोरून हलेना.

सभागृह भरलं होतं. ओळखीची माणसं हात मिळवत होती, पण लगेच सोडवूनही घेत होती. साहेबांचा ड्रायव्हर एरवी लांबून हाक मारायचा, तो आज काच पुसत राहिला. भाषण मात्र झकास झालं. साहेबांचा गळासुद्धा दाटून आला. तो कुठे दाटायचा हे पडदेनेच त्यांना शिकवलं होतं.

मग फोटोसाठी सगळे मंचावर उभे राहिले. साहेब मधे, त्यांच्या एका बाजूला पडदे आणि त्याची बायको. समोर साहेबांचा नवा सहायक उभा होता. त्याने सहज कान खाजवला.

"साहेब, तिकडे उजेड चांगला आहे," फोटोवाला म्हणाला. त्याने पडदेकडे बघितलं नाही. "जरा कडेला."

साहेब सरकले. बायकोच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, हातभर लांब. आपलं ठरलंय, हे पडदेला कळलं. इथून पळून गेला असता तरी ते टळणार नव्हतं. पण शेजारी ती उभी होती, नवे कानातले घालून, आणि कॅमेऱ्याकडे बघून आधीच हसत होती.

"तू खाली उतर," तो म्हणाला.

"अरे, पण वहिनींना असू दे की," साहेब म्हणाले.

"नको. उतर म्हणतो ना! शोभतं का तुला इथे?"

सगळं सभागृह बघत होतं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "माझी लाज वाटते होय तुम्हाला?" ती पुटपुटली आणि पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिने डोळ्यांना पदर लावला.

पडदेचा जीव तुटला. तिला काय सांगणार होता तो, आणि कुणासमोर?

"हसा," फोटोवाला म्हणाला.

पडदे हसला. न हसल्यामुळे फोटो बिघडला असता तर पुन्हा घ्यावा लागला असता, आणि तेवढ्यात कुणीतरी तिला परत वर बोलावलं असतं.